सल्लागार व्हायचं, पण शिकायचं कुठे?



'सल्ला' हा शब्द आपण मराठीत इतका मुरवून घेतला आहे, की तो अरबीतून आला हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मूळ शब्द 'सलाह'. अर्थ भलाई, चांगुलपणा. त्याच घराण्यातला दुसरा शब्द 'मस्लहत'. पेशवाईच्या कागदांत पानोपानी भेटणारी 'मसलत' ती हीच. मागून फारसीचा 'गार' येऊन चिकटला आणि आपला 'सल्लागार' तयार झाला. म्हणजे शब्दाच्या पोटात दुसऱ्याचं भलं आहे, पैशाचा उल्लेख कुठेच नाही. सल्ला द्यायचा तो घरातल्या थोरल्याने, मोहल्ल्यातल्या बुजुर्गाने, फार तर पाटलाने किंवा मास्तराने. आणि फुकट मिळतो म्हणून तो ऐकायचा नाही, हेही ठरलेलं.

आता मात्र सल्ला हा जगातल्या महागड्या मालांपैकी एक झाला आहे. मोठमोठ्या कंपन्या, सरकारंसुद्धा, कोट्यवधी रुपये मोजून तो विकत घेतात. या धंद्याला मॅनेजमेंट कन्सल्टिंग म्हणतात. व्यवस्थापन सल्लागारी म्हणा हवं तर. आपल्या नागपुरात, मोमीनपुऱ्यापासून मानेवाड्यापर्यंत, इंजिनीअर झालेली मुलं-मुली हा शब्द आता सहज बोलतात. 'पुढे काय?' विचारलं की उत्तर येतं, 'एमबीए करून कन्सल्टिंगमध्ये जायचंय.' आईबाप मान डोलावतात. त्यांना वाटतं, बँकेतली नोकरी असेल.

मी स्वतः बी. ए., तेही मराठी वाङ्मय घेऊन. कविता लिहितो आणि पोटासाठी बरीच वर्षं एका पतसंस्थेत खतावण्या लिहिल्या. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार तो केवढा? पण गेल्या दीड-दोन वर्षांत माझ्या भाचीच्या निमित्ताने या जगात मला डोकं घालावं लागलं. घरात शिकलेला मामू एकच, मग कागद त्याच्याकडेच येणार. त्यात जे पाहिलं, समजून घेतलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी हा धंदा काय ते पाहू. बोस्टनमध्ये १८८६ साली आर्थर डी. लिटल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कारखान्यांना तांत्रिक सल्ला देणारी पेढी काढली. १९२६ मध्ये शिकागोत जेम्स मॅकिन्झी या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने आपली पेढी सुरू केली. आज मॅकिन्झी हे नाव या व्यवसायातलं सर्वांत वजनदार मानतात. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप १९६३ चा, बेन अँड कंपनी १९७३ ची. या तिघांना मुलं एका दमात 'एमबीबी' म्हणतात. त्यांच्याखेरीज डेलॉइट, ईवाय, केपीएमजी, पीडब्ल्यूसी या मुळातल्या हिशेब तपासनीसांच्या पेढ्या आणि ॲक्सेंचरसारख्या कंपन्या हेच काम करतात. आपल्याकडेही हे अगदीच नवं नाही. टाटांनी १९६८ मध्ये सुरू केलेल्या कंपनीच्या नावातच 'कन्सल्टन्सी' आहे, आणि महाराष्ट्रातल्या छोट्या उद्योगांना सल्ला देण्यासाठी पुण्यात १९८२ मध्ये 'मिटकॉन' निघाली.

काम काय? एखाद्या कंपनीचा माल खपत नाही, खर्च आवरत नाही, नव्या देशात जायचं की नाही ते ठरत नाही. मग बाहेरची चार-पाच हुशार माणसं दोन-तीन महिन्यांसाठी येतात, आकडे गोळा करतात, लोकांशी बोलतात आणि काय करावं ते मांडून निघून जातात.

यात नागपूरकरांना एक गोष्ट आठवायला हवी. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणी चालवायला त्यांनी नेमले बेझनजी मेहता. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कापडाचं त्यांना काही कळत नव्हतं. तेव्हा मॅनेजमेंटचं कॉलेज हिंदुस्थानात तर नव्हतंच, अमेरिकेतलं पहिलं, व्हार्टन, तेसुद्धा १८८१ मध्ये निघालं. गिरणीपुढचा पहिला प्रश्न यंत्रांचा नव्हताच. कामगार रोज येत नसत. पोटापुरतं मिळालं की घरी, सण आला की घरी, शेतीचा हंगाम आला की घरी. आजचा सल्लागार असता तर त्याने कदाचित हजेरीचं यंत्र बसवायला सांगितलं असतं. जमशेटजींनी नियमित येणाऱ्यांसाठी बक्षिसं ठेवली, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. गिरणीत हवा खेळती आणि दमट राहील अशी यंत्रं बसवली, आग विझवायचे फवारे बसवले. कायद्याने यातलं काही मागितलं नव्हतं. दुसरीकडे चात्यांचा नवा प्रकार, ज्याला रिंग स्पिंडल म्हणतात, तो इंग्लंडमधले मालकसुद्धा बिचकत असताना यांनी आजमावून पाहिला आणि मग गिरणीभर बसवला. माझे आजोबा हातमागावर लुगडी विणत. या गिरणीबद्दल त्यांच्या मनात राग होता, कारण त्यांचा बाजार तिनेच खाल्ला. पण 'माणूस कामावर का येत नाही, हे त्या पारशाने विचारलं', असं ते कबूल करीत. ती गिरणी आज नाही. तिच्या जागेवर मॉल आहे, आणि मुलं तिथे एमबीएच्या क्लासचे फलक बघत आईस्क्रीम खातात.

सांगायचं ते एवढंच, की ही विद्या आकड्यांची जितकी आहे तितकीच विचारपूस करण्याची आहे. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डच्या प्राध्यापकांनी २०१० मध्ये एक केस लिहिली. सल्ला द्यायला नव्हे, शिकायला. रंगांच्या आणि अक्षरांच्या खुणांवर डबा बोरिवलीहून चर्चगेटला जाऊन रिकामा परत कसा येतो, हे जगभरची एमबीएची मुलं त्यातून वाचतात.

आणि याची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. २००३ मध्ये 'बॉम्बे फर्स्ट' आणि मॅकिन्झीने मुंबईला दहा वर्षांत जागतिक दर्जाचं शहर करण्याचा आराखडा दिला होता. २०१३ साल आलं आणि गेलं. लोकलच्या दाराला लोंबकळणाऱ्यांना विचारा. त्याच मॅकिन्झीचे १९९४ पासून नऊ वर्षं जागतिक प्रमुख असलेले रजत गुप्ता, हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या संस्थापकांपैकी एक, २०१२ मध्ये अमेरिकेत शेअर बाजारातली आतली बातमी फोडल्याबद्दल दोषी ठरले. वेदनाशामक अफूजन्य गोळ्यांची विक्री वाढवण्याचा सल्ला दिल्याच्या प्रकरणात मॅकिन्झीला २०२१ मध्ये ५७ कोटी डॉलरहून जास्त आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा ६५ कोटी डॉलर द्यावे लागले. शब्दाच्या पोटातलं भलं असं गळूनही पडतं. मुलाखतीची तयारी करताना मुलांनी हेही वाचलेलं असावं, असं मला वाटतं.

आता शिकायचं कुठे? आपल्या देशात पहिल्या दोन आयआयएम १९६१ मध्ये निघाल्या, कोलकाता आणि अहमदाबाद. कोलकात्याला अमेरिकेच्या एमआयटीने हात दिला, अहमदाबादला हार्वर्डने. अहमदाबादच्या संस्थेचं बोधचिन्ह कधी नीट पाहिलंत का? तिथल्या सिदी सय्यद मशिदीची दगडी जाळी आहे ती, १५७३ ची, झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंफलेली. ज्याच्या नावाने ती मशीद ओळखली जाते तो मूळचा आफ्रिकेतला हबशी. ही जाळी अर्जावर छापून दरवर्षी लाखो मुलं स्वप्नं पाहतात, हे मला फार आवडतं. बंगळूर १९७३ चं, लखनौ १९८४ चं. मुंबईचं जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट १९६५ चं, स्टॅनफर्डच्या मदतीने सुरू झालेलं. नाव मात्र आपल्या वर्ध्याच्या जमनालालजींचं. मुंबईतलीच नायटी ही १९६३ ची संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. हैदराबादची आयएसबी २००१ ची, एका वर्षाच्या अभ्यासक्रमाची, नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठी. आणि आपलं आयआयएम नागपूर २०१५ चं. अहमदाबादच्या देखरेखीखाली ते व्हीएनआयटीच्या आवारात सुरू झालं. मिहानमध्ये त्याचं स्वतःचं मोठं आवार झालं आणि ८ मे २०२२ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

माझी भाची नागपूरच्याच एका कॉलेजातून इंजिनीअर झाली, तीन वर्षं मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. पगार वर्षाला सहा लाख. तिने दोन्ही परीक्षा दिल्या, कॅट आणि जीमॅट. २०२४ च्या मे महिन्यात तिच्यापुढे दोन पत्रं होती. एक आयआयएम नागपूरचं, दुसरं हैदराबादच्या आयएसबीचं. तिसरा रस्ता थांबण्याचा. आणखी वर्षभर अभ्यास करून अहमदाबाद-बंगळूर-कोलकात्याचा प्रयत्न करायचा. चौथाही होता. एका खाजगी संस्थेची बाई रोज फोन करून 'सर, शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणत होती. मला सर म्हणणारी ती पहिलीच. तिला मी एकच प्रश्न विचारला : किती मुलांनी नोकरी मागितली होती, आणि किती मुलं यादीतून आधीच वगळली? त्यानंतर फोन आला नाही.

इथे दोन मिनिटं थांबतो, कारण पालकांची सर्वांत जास्त फसगत होते ती या प्लेसमेंटच्या आकड्यांत. समजा मुशायऱ्याला पाच कवी बोलावले. चौघांना हजार-हजार रुपये मानधन दिलं आणि मुंबईहून आलेल्या एका नामवंताला पन्नास हजार. सरासरी निघते दहा हजार आठशे! आयोजक छाती फुगवून सांगू शकतो, की आम्ही कवीला सरासरी जवळपास अकरा हजार देतो. आता पाचही जणांना मानधनाच्या क्रमाने उभं करा आणि बरोबर मधल्याच्या पाकिटात बघा. हजार. या मधल्या आकड्याला मीडियन म्हणतात, मराठीत मध्यक. संस्थेच्या माहितीपत्रकात 'सर्वोच्च पगार' मोठ्या अक्षरांत असतो, 'सरासरी' मध्यम अक्षरांत आणि मध्यक बहुधा नसतोच. तो मागून घ्यावा. अहमदाबादच्या आयआयएमने पुढाकार घेऊन प्लेसमेंटचे अहवाल कसे लिहावेत याचे नियम तयार केले आहेत, आयपीआरएस म्हणतात त्यांना. त्या पद्धतीचा आणि बाहेरच्या संस्थेने तपासलेला अहवाल असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे.

दुसरं असं, की 'कन्सल्टिंगमध्ये अमुक टक्के मुलं गेली' एवढं पुरेसं नाही. कोणत्या कन्सल्टिंगमध्ये? कंपनीच्या मालकाला धोरण काय असावं ते सांगणं निराळं आणि त्याच कंपनीत नवं सॉफ्टवेअर बसवताना सोबत राहणं निराळं. दोन्ही प्रामाणिक कामं आहेत, दोन्हींना सल्लागारीच म्हणतात, पण मुलगी पहिलं डोळ्यांपुढे ठेवून निघाली आणि दुसऱ्यात पोहोचली तर ती खट्टू होणार. ते मोठे तिघे, एमबीबी, मुख्यतः थोड्याच संस्थांच्या दारात जातात : जुन्या तीन आयआयएम, आयएसबी आणि आणखी काही मोजक्या. तिथेही मुलाखतीला बोलावताना दहावी-बारावीपासूनचे गुण, पदवी कुठली, आधीची नोकरी कुठे, हे सगळं चाळणीतून काढतात. नव्या आयआयएममध्ये सल्लागारीच्या नोकऱ्या येतात त्या बहुधा त्या हिशेब तपासनीसांच्या पेढ्यांकडून आणि तंत्रज्ञानाच्या कंपन्यांकडून. हे कडू आहे, पण खरं आहे. म्हणून माझं स्पष्ट मत : अहमदाबाद, बंगळूर किंवा कोलकात्याचं पत्र हातात असेल आणि मुलाला याच धंद्यात जायचं असेल तर फार काथ्याकूट करू नये. फीसाठी धावपळ करावी, पण जावं.

भाचीकडे ते पत्र नव्हतं. थांबायला ती तयार नव्हती. उरले दोन पर्याय.

एका शुक्रवारी दुपारी नमाजनंतर आपाच्या घरी बैठक बसली. दुल्हाभाईंचा कळमना मार्केटजवळ संत्र्यांच्या पेट्या आणि क्रेट पुरवण्याचा व्यवसाय आहे. शिक्षण आठवी. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "शायरसाहेब, आधी सांगा, ही बाई होऊन नेमकं करणार काय?" मी वर सांगितलं ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या दुकानात येऊन मलाच सांगणार, दुकान कसं चालवायचं?" भाची म्हणाली, "नाही अब्बा, आधी तुम्हाला विचारणार." यावर ते जरा खूश झाले.

मग तिने मुलाखतीची गंमत सांगितली. या मुलाखतींत चक्रावून टाकणारे प्रश्न विचारतात. म्हणजे, नागपुरात रोज किती संत्री विकली जात असतील? उत्तर कोणालाच माहीत नसतं. तुम्ही ते कसं काढता हे बघायचं असतं. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत चोवीस लाख, आता समजा इतकी, घरं इतकी, त्यातली संत्री घेणारी इतकी, अशी पायरी पायरीने वाट काढायची. ती बोलत होती आणि दुल्हाभाईंनी हात वर केला. "हंगाम कोणता? आंबिया बहार की मृग बहार? की मे महिना, जेव्हा कोल्ड स्टोरेजचा माल आहे?" भाची माझ्याकडे बघत राहिली. उत्तराकडे धावण्याआधी प्रश्नच नीट करून घेणं, यालाच तिथे पहिले गुण मिळतात. आठवी पास माणसाने ते बसल्या जागी मिळवले.

त्यानंतर मी वही काढली. पतसंस्थेतली सवय. त्या वर्षी आयआयएम नागपूरचा दोन वर्षांचा खर्च वीस लाखांच्या आसपास धरला, आयएसबीचा राहण्या-जेवणासकट अडतीस. फरक अठरा लाखांचा दिसतो. पण नागपूरला दोन वर्षं पगार बुडणार, बारा लाख. हैदराबादला एकच वर्ष, सहा लाख. म्हणजे खरी किंमत एकीकडे बत्तीस, दुसरीकडे चव्वेचाळीस. फरक बारावर आला. बहुतेक घरांत ही बेरीज कोणी करत नाही. आता कर्ज. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षं मुदत धरली, तर वीस लाखांचा हप्ता महिन्याला सव्वीस हजार चारशे. एकूण फेड पावणेबत्तीस लाखांच्या आसपास, आणि शिक्षण चालू असताना चढणारं व्याज वेगळं. अडतीस लाखांचा हप्ता पन्नास हजारांच्या वर. हप्ता ऐकून आपा उठली आणि चहा टाकायला गेली.

(ज्यांना पैशाचीच अडचण आहे त्यांच्यासाठी सांगून ठेवतो : मुंबईचं जमनालाल बजाज किंवा दिल्ली विद्यापीठाचं एफएमएस यांची फी यापेक्षा कितीतरी कमी आहे, एफएमएसची तर फारच कमी, आणि तिथेही चांगल्या सल्लागार कंपन्या येतात. प्रवेश तितकाच कठीण. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. त्यात निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय शैक्षणिक कर्ज मिळतं. भाचीच्या वेळी ती नव्हती.)

पण आमच्याकडे अडचण निराळी होती. दुल्हाभाईंनी आयुष्यात बँकेचं कर्ज घेतलेलं नाही. व्याज घेणं आणि देणं, दोन्ही त्यांना वर्ज्य. धंद्यातही ते बीसी लावून किंवा उधारीवर काम भागवतात. ते शांतपणे म्हणाले, "मुलीने शिकावं, जरूर शिकावं. पण सुदावर शिकलेली विद्या घरात आणायची का?" यावर मी काय बोलणार? मी स्वतः व्याजाच्या खतावण्या लिहून पोट भरलेला माणूस. कोणी म्हणालं, अशा गरजेपुरती मुभा आहे असं काही उलेमा सांगतात. कोणी म्हणालं, नाही. आपाने तोडगा काढला : कामठी रोडला घेऊन ठेवलेला प्लॉट विकून टाकू. तो प्लॉट धाकट्या मुलाच्या दुकानासाठी होता. मुलगा समोर बसला होता, अठरा वर्षांचा. तो काही बोलला नाही, आणि भाचीने त्याच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "प्लॉट विकून मी जाणार नाही."

पुढचे आठ दिवस तिने जे केलं ते मला फार शिकवून गेलं. दोन्ही संस्थांतून बाहेर पडलेल्या, आपल्यासारख्याच माणसांना ती शोधत गेली. साधं इंजिनीअरिंग कॉलेज, दोन-तीन वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी, दहावी-बारावीचे गुण चांगले पण डोळे दिपवणारे नाहीत. प्रत्येकाला तिने तेच विचारलं : तुला सल्लागारीत काय मिळालं, आणि दोन वर्षांनी तू काय करतो आहेस? हैदराबादचे तिघे भेटले. तिघेही सल्लागारीतच होते, पण तंत्रज्ञानाच्या बाजूला. मोठ्या तिघांच्या मुलाखतीचं बोलावणंच त्यांना आलं नव्हतं. तिघांच्या गोष्टीवरून संस्थेबद्दल निकाल देता येत नाही, हे तीच मला म्हणाली. आयएसबीच्या वर्गात मुलं पुष्कळ, अनुभवी, आणि अनेकांचं नशीब तिथे खरोखर उजळलं आहे. पण तिच्या स्वतःच्या पत्त्यांवर कोणता डाव लागतो, एवढंच तिला पाहायचं होतं. शिवाय एक मुद्दा तिला कळला : एका वर्षाच्या अभ्यासक्रमात उन्हाळ्याची इंटर्नशिप नसते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ती दोन महिन्यांची असते, आणि सॉफ्टवेअरमधून सल्लागारीत उडी मारायची तर तेवढीच फळी मिळते. चांगलं काम केलं तर नोकरीही तिथेच.

आमच्या ओळखीचा कामठीचा एक मुलगा या धंद्यात चार वर्षं आहे. त्याला मी फोन लावला. तो म्हणाला, "चाचा, सोमवारी पहाटे विमान, गुरुवारी रात्री परत. पहिली दोन वर्षं सल्ला कोणी देत नाही. आकडे गोळा करायचे, तक्ते करायचे, साहेब रात्री अकराला सांगतो की सगळं बदल. आणि इथे वर चढला नाहीत तर बाहेर जायचं, असा रिवाज आहे." मी विचारलं, "मग राहिलास का?" म्हणाला, "एका वर्षात सिमेंट, इस्पितळ आणि दुधाची डेअरी आतून पाहिली. दुसऱ्या कुठल्या नोकरीत दिसली असती?" शेवटी त्याने हेही सांगितलं, की माहिती जमवण्याचं आणि तक्ते करण्याचं बरंचसं काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं करू लागली आहेत. मॅकिन्झीने २०२३ मध्येच आपल्या लोकांसाठी 'लिली' नावाचं असं साधन आणलं. तेव्हा तक्ते करण्याच्या जोरावर या धंद्यात येणाऱ्याने विचार करावा.

निर्णय झाला तो असा. आयआयएम नागपूर. अहमदाबादचं स्वप्न बाजूला, मॅकिन्झीचं निदान काही वर्षं लांबणीवर. बारा लाख बँकेकडून, भाचीच्या जबाबदारीवर. हप्ता सोळा हजारांच्या जरा आत. उरलेले आठ लाख नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी, सवडीने परत करायचे. त्यातले थोडे माझे आहेत. बँकेच्या कागदावर सहकर्जदार म्हणून वडिलांची सही लागते. दुल्हाभाईंनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच बँकेत जाऊन उभे राहिले. आत त्यांनी मॅनेजरला काय सांगितलं ते मला माहीत नाही, सही मात्र केली. प्लॉट तसाच आहे.

एका बाबतीत भाचीने वडिलांना ठणकावलं. त्यांना वाटत होतं, नागपूरच आहे, तर घरून ये-जा करेल. ती म्हणाली, "घराजवळ आहे म्हणून मी हे निवडलेलं नाही. मी होस्टेलवर राहणार." आणि ती राहिली. मिहान आमच्या मोहल्ल्यापासून तासाभराच्या अंतरावर. पण पहिल्या तीन महिन्यांत ती दोनदाच घरी आली, तीही कपडे आणि आपाच्या हातचा खिमा न्यायला.

२०२५ च्या उन्हाळ्यात तिला इंटर्नशिप मिळाली ती एका मोठ्या पेढीत, त्या तिघांतल्या नव्हे. तिला वाटलं होतं मुंबई, काचेची इमारत. पाठवलं भंडारा आणि गोंदियाकडे, भातगिरण्यांचा अभ्यास करायला. मे महिन्याचं ऊन, डोक्याला ओढणी गुंडाळून ती गिरणी गिरणी हिंडली. पहिला आठवडा नुसता ऐकण्यात गेला, असं सांगत होती. शिकलेले सगळे शब्द इंग्रजीतले आणि समोरचा माणूस झाडीपट्टीतला. एका रात्री मला फोन आला. "मामू, वर्किंग कॅपिटलला मराठीत काय म्हणतात?"

"खेळतं भांडवल," मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. आवाजात हसू. एका गिरणीमालकाला तिने विचारलं होतं, काका, तुमचं खेळतं भांडवल किती? म्हातारा तिला हाताला धरून गोदामात घेऊन गेला, भरडाई होऊन पडलेल्या तांदळाच्या थप्प्या दाखवल्या आणि म्हणाला, "खेळतं कुठचं बाई, हे पाहा, इथं बसलं आहे. बिल निघालं का खेळायला जाईल."

भाचीने आपल्या अहवालात हा प्रकार इंग्रजीत कसा लिहावा, यावर आम्ही अर्धा तास बोललो. साहेबाने तो परिच्छेद बदलायला सांगितला नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)